दोन आसांमधले अंतर



वसंतातल्या या व्याख्यानांत इतिहास, संतवाङ्मय आणि अर्थकारण यांचा मान मोठा. तेथे आज आम्ही एक फळी घेऊन उभे राहिलो आहोत, म्हणून काही श्रोते हसले असतील. या फळीला खाली चार चाके आहेत, मुले हिच्यावर उभी राहून रस्त्याने जातात आणि हिला लाँगबोर्ड म्हणतात. फळीच्या खाली पुढची चाके एका जागी आणि मागची चाके दुसऱ्या जागी बसवलेली असतात. या दोन जागांमधले अंतर किती ठेवावे, एवढाच आजचा विषय. इंग्रजीत त्याला व्हीलबेस म्हणतात. आपण सोयीसाठी 'आसांतर' म्हणू, म्हणजे दोन आसांमधले अंतर.

विषय पोरकट वाटेल. पण याच अंतराच्या प्रश्नावर आपल्या जिल्ह्यात एक अख्खी रेल्वे उभी राहिली, आणि याच अंतराचा हिशेब न कळल्यामुळे आपल्या चौकांत सायकलवाले गाडीच्या मागच्या चाकाखाली सापडतात. तेव्हा फळी क्षणभर टेबलावर राहू द्या. आधी बैलगाडीकडे जाऊ.

आपल्या बैलगाडीला आसांतर नाही, कारण तिला आख एकच. दोन चाके, मध्ये आख, वर साटा, पुढे जू. ती जागच्या जागी फिरते. गाडीवान एक बैल थांबवतो, दुसरा चालवतो, एक चाक जवळजवळ जागीच राहते आणि गाडी अंगणातल्या अंगणात तोंड फिरवते. गल्लीबोळांच्या गावात यापेक्षा सोयीचे वाहन नाही. मात्र या सोयीची किंमत बैलाच्या मानेने मोजली आहे. ओझे आखाच्या पुढे पडले की जुवावर भार येतो, मागे पडले की गाडी उलाळ होते आणि बैलांचे गळे आवळले जातात. गाडी भरताना पोती पुढेमागे सरकवणारा शेतकरी वजनाची वाटणी करत असतो. ही वाटणी पुढे फळीवरही आपल्याला भेटणार आहे.

दुसरा आख आला की मानेवरचा भार जातो, पण वळणाची कटकट सुरू होते. चार चाकांच्या गाडीत पुढची चाके वळतात, मागची सरळच राहतात. त्यामुळे मागची चाके पुढच्यांच्या वाटेने जात नाहीत. ती आतल्या अंगाने, वळणाचा कोपरा कापत जातात. किती कापतात, हे भूमितीच्या एका काटकोन त्रिकोणातून निघते. शाळेत ज्यांनी पायथागोरसचा सिद्धांत घोकला आणि पुढे त्याचा उपयोग काय म्हणून विचारले, त्यांना येथे उत्तर आहे.

समजा, एसटीची गाडी चौकात वळते आहे. तिच्या पुढच्या आखाचा मध्य ३५ फूट त्रिज्येच्या वर्तुळावर आहे आणि दोन आखांमधले अंतर १८ फूट आहे. मोठ्या बसगाड्यांचे अंतर साधारण एवढेच असते. ३५ चा वर्ग १२२५, त्यातून १८ चा वर्ग ३२४ वजा केला की ९०१ उरतात. त्याचे मूळ ३०. म्हणजे मागची चाके ३० फुटांच्या वर्तुळावर धावतात आणि पाच फूट आत येतात. मोटारीचे आसांतर आठ फूट धरले, तर हाच हिशेब अकरा इंचांवर येतो. पाच फूट आणि अकरा इंच यांतला फरक लक्षात घ्या. सायकलवाला बसच्या डावीकडे उभा असतो. बसचे तोंड त्याच्यापासून चांगले दूर गेलेले त्याला दिसते, जागा मोकळी झाली असे वाटून तो पायडल मारतो, आणि तोपर्यंत बसचे मागचे चाक त्या मोकळ्या जागेत येऊन पोचलेले असते. यात ड्रायव्हरने गाडी आत घेतलेली नसते. त्याचे चक्र स्थिर असते. पाच फूट आत घेतले ते आसांतराने.

गळिताच्या हंगामात आपल्या जिल्ह्यात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या एका ट्रॅक्टरमागे निघतात. त्यांचाही हिशेब असाच, फक्त प्रत्येक ट्रॉलीचा वर्ग वेगळा वजा करायचा. ट्रॅक्टरचे अंतर साडेसहा फूट आणि प्रत्येक ट्रॉलीचे, जोडापासून आखापर्यंत, बारा फूट धरले तर त्याच ३५ फुटांच्या वळणावर शेवटचा आख स्थूलमानाने पाच फूटच आत येतो. म्हणजे बसइतकाच. फरक असा की बसचा ड्रायव्हर आरशात मागचे चाक पाहू शकतो. ट्रॅक्टरवाल्याला दिसते ती पहिल्या ट्रॉलीवरच्या उसाची भिंत. रात्री मागे दिवाही नसतो, त्याविषयी बोलू लागलो तर आजची वेळ त्यातच संपेल.

लांब आसांतर वळायला वाईट, हे एवढ्याने सिद्ध झाले. मग सगळ्या गाड्यांचे अंतर आखूड का करू नये? त्याचे उत्तर वेगात आहे. आखूड गाडी सरळ वाटेवर चंचल असते. एक चाक खड्ड्यात गेले की सारी गाडी मान टाकते, आणि पुढचे चाक जरा हलले की तोंड लगेच फिरते. लांब गाडीला तोच धक्का बसला तरी ती सावकाश वळते, चालवणाऱ्याला सावरायला अवधी मिळतो. जुन्या, दूध आणि पोती वाहणाऱ्या काळ्या सायकलचे आसांतर ४४-४५ इंच असते, शर्यतीच्या सायकलचे ३९ च्या आसपास. पहिल्या सायकलवर बसून माणूस गप्पा मारत गिरणीत जाऊ शकतो. दुसरीवर बसला की लक्ष हँडलवरच ठेवावे लागते. सिद्धेश्वरांच्या यात्रेतले नंदीध्वज आपण सर्वांनी पाहिले आहेत. एवढी उंच काठी माणूस एकट्याने कशी तोलतो याचे परगावच्या पाहुण्याला नवल वाटते. उचलणाऱ्याची ताकद आणि वर्षानुवर्षांचा सराव यांचे मोल आहेच. पण उंच काठी आखूड काठीपेक्षा सावकाश कलते, हाही निसर्गाचा नियम त्याच्या मदतीला असतो. हातभर छडी बोटावर उभी करून पाहा, म्हणजे खात्री पटेल.

तर वळणाला आखूड हवे आणि सरळ वाटेला लांब हवे. हा झगडा कोणी मिटवला? त्यासाठी आता बार्शीला जाऊ.

एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाचा एक इंग्रज इंजिनियर १८८२ मध्ये जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. बार्शी ही कापसाची मोठी पेठ, आणि मुंबईच्या लोहमार्गापासून २१ मैल दूर. कापसाची बोंद्रे बैलगाडीतून स्टेशनावर आणावी लागत. मोठ्या मापाचा फाटा टाकायचा तर खर्च परवडणारा नव्हता. कॅल्थ्रॉपने विचार केला, तो लहान रेल्वेचा. १८९५ मध्ये लंडनला बार्शी लाइट रेल्वे कंपनी नोंदली गेली, आणि १८९७ मध्ये बार्शी रोडपासून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून, बार्शीपर्यंत गाडी धावू लागली. रुळांमधले अंतर अडीच फूट. पुढे १९०६ मध्ये ती पंढरपूरला गेली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. वारकऱ्यांच्या दोन-तीन पिढ्या या गाडीने पंढरीला गेल्या. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ती ताब्यात घेतली, आणि २००० नंतरच्या दहा-अकरा वर्षांत टप्प्याटप्प्याने तिचे रूळ काढून मोठ्या मापाचे घातले गेले.

या गाडीच्या सावकाश चालीची चेष्टा आपल्या भागात पुष्कळ झाली. चेष्टा करणाऱ्यांनी तिच्या खाली वाकून पाहिले असते, तर ती गाडी किती विचाराने बांधली होती हे त्यांना दिसले असते.

कॅल्थ्रॉपचा पहिला नेम असा होता की कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये, मग तो आस इंजिनाचा असो की डब्याचा. भार सगळीकडे सारखा ठेवला म्हणजे रूळ हलके चालतात, आणि त्याने रूळ घेतले तेही यार्डाला ३० पौंडांचे. पण पाच टनांच्या आसांवर पुरेसा माल वाहायचा कसा? दोन आसांच्या वाघिणीचे मालासकट वजन दहा टनांवर जाऊ शकत नाही, आणि त्यातले बरेचसे वाघिणीचे स्वतःचेच. चार आस हवेत. वाघीण लांब हवी. त्याने २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद असा दाबाच्या पोलादाचा एकच सांगाडा ठरवला आणि मालाच्या सर्व डब्यांसाठी तोच वापरला.

आता आसांतराचा प्रश्न त्याच्यासमोर उभा राहिला. रेल्वेच्या डब्यात एका आसाची दोन्ही चाके आसाला पक्की असतात, आणि साध्या वाघिणीत दोन्ही आस एकमेकांना समांतर जखडलेले असतात. वळणावर रूळ वळतो, आस वळत नाहीत. समजा वळणाची त्रिज्या ३०० फूट आहे आणि दोन आसांत २० फूट अंतर आहे. एवढ्या अंतरात रूळ पावणेचार अंशांनी फिरलेला असतो. चाक रुळावर तिरपे घासते, चाकाची कड झिजते, रूळ झिजतो, इंजिनाला जोर लागतो, आणि फारच तिरपे झाले तर चाक रुळावर चढते. हेच अंतर चार फूट केले, तर रूळ पाऊण अंशच फिरलेला असतो, आणि तेवढे तिरपेपण रुळाच्या व कडेच्या मधल्या फटीत सामावून जाते. पण चार फुटांच्या अंतरावर २५ फुटांची वाघीण ठेवली, तर ती झोपाळ्याच्या फळीसारखी पुढेमागे डुलेल.

उपाय बोगीचा. चार चाकांची एक आखूड गाडी पुढे, तशीच एक मागे, आणि लांब सांगाडा या दोहोंवर एकेका खिळीवर टेकवलेला. प्रत्येक बोगी आपापल्यापुरती वळते, सांगाडा स्थिर राहतो. बोगीतले अंतर आखूड, म्हणून वळण सुकर, आणि दोन बोग्यांमधले अंतर लांब, म्हणून चाल शांत. बोगी कॅल्थ्रॉपने शोधली नाही, ती आधीपासून होती. पण एवढ्या लहान रेल्वेवर, मालाच्या साध्या वाघिणींनासुद्धा सर्रास बोग्या घालण्याचे धाडस त्याने केले, आणि ती वाहने येथे पाठवण्यापूर्वी १८९४ मध्ये इंग्लंडात लीड्सजवळ न्यूले येथे रूळ टाकून लोकांना चालवून दाखवली.

इंजिनाचे दुखणे निराळे होते. ओढायला जोर हवा, म्हणजे चाकांवर वजन हवे, आणि आसामागे पाच टनांची मर्यादा. म्हणून किटसन कंपनीकडून घेतलेल्या पहिल्या इंजिनांना एकमेकांना दांड्यांनी जोडलेली आठ चाके दिली आणि मागे चार चाकांची बोगी. जोडलेल्या चार आसांचे आसांतर आठ फूट धरले, तर ३०० फुटांच्या वळणावर मधल्या चाकांना सरळ रेषेपासून सुमारे इंचाचा तिसरा हिस्सा बाजूला सरकावे लागते. अशा इंजिनांत कोठे मधल्या चाकांची कड काढून टाकतात, कोठे आसाला आडवी सरकण्याची थोडी मोकळीक ठेवतात. इंजिन बांधणाऱ्याचे कौशल्य अशा पाव-पाव इंचांत खर्च होते. बार्शीहून येडशीकडे, बालाघाटाच्या डोंगरात चढणारी ती गाडी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना वळणावर डबे एकामागून एक कसे मुकाट्याने फिरत हे आठवत असेल.

जाता जाता सांगायला हरकत नाही की हाच कॅल्थ्रॉप पुढे विमानातून उडी घेण्याच्या छत्रीच्या मागे लागला, आणि घोड्यांवर त्याने एक पुस्तकही लिहिले. असा माणूस २१ मैलांच्या रेल्वेसाठी वर्षानुवर्षे कंपन्यांच्या आणि सरकारच्या पायऱ्या झिजवत राहिला, हे आपल्या जिल्ह्याचे भाग्यच म्हणावे.

आता टेबलावरची फळी उचलू. अमेरिकेत रेल्वेच्या बोगीला 'ट्रक' म्हणतात. आणि या फळीखालच्या चाकांच्या जोडीलाही, तिच्या लोखंडी सांगाड्यासकट, ट्रकच म्हणतात. नाव एक आहे, आणि काम तर त्याहून एक आहे. बसमध्ये पुढचीच चाके वळतात. या फळीवर बोगीच्या वाघिणीप्रमाणे पुढचीही वळतात आणि मागचीही, परस्परांच्या उलट दिशेने. म्हणून मागची चाके पुढच्यांच्याच वाटेने येतात, कोपरा कापत नाहीत.

फळी कलली की चाके वळावीत, ही युक्ती न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टन याची. १८६३ मध्ये त्याने चाकांच्या बुटांसाठी तिचे पेटंट घेतले. पुढे गेल्या शतकाच्या मध्यास कॅलिफोर्नियातल्या समुद्रावर लाटांवर स्वार होणाऱ्या पोरांनी त्या बुटांची चाके फळीला ठोकली, आणि १९७० नंतर युरेथेनची मऊ, पकड धरणारी चाके आली तेव्हा हा खेळ खरा रस्त्यावर आला. टोकियोच्या, २०२१ मध्ये झालेल्या ऑलिंपिकात आखूड फळीच्या खेळाला जागा मिळाली.

ट्रकच्या आत एक तिरका कणा असतो. तो ४५ अंशांत बसवलेला असेल आणि फळी १५ अंश कलवली, तर चाके सुमारे साडेचौदा अंश वळतात. आसांतर २८ इंच असेल तर फळी साडेचार फूट त्रिज्येचे वळण घेते. आसांतर १४ इंच असेल तर सव्वादोन फुटांचे. अंतर निम्मे केले की वळण निम्मे, इतका सरळ हिशेब. मागचा ट्रक जखडून टाकला तर २८ इंचांच्या फळीला नऊ फूट लागतील.

म्हणून मुलाला फळी घेताना तो ती कोठे चालवणार हे आधी विचारावे. खेळाच्या लहान फळीचे आसांतर १४ इंचांच्या आसपास असते, लाँगबोर्डचे बहुधा २४ ते ३२ इंच. अंगणात, बागेतल्या वाटांवर गिरक्या घ्यायच्या असतील तर आखूड बरे. होटगी रस्त्यासारख्या लांब रस्त्याच्या कडेने, पहाटे वाहने नसताना, अंतर कापायचे असेल तर लांब बरे. पुष्कळ फळ्यांना ट्रकसाठी भोकांच्या दोन-तीन जोड्या पाडलेल्या असतात, तेव्हा एकच फळी पाना फिरवून आखूड-लांब करता येते. दुकानदार हे सहसा सांगत नाही.

मात्र अंतर वाढवले की फळी लवते. ओढ्यावर टाकलेली फळी आणि ही फळी यांचा नियम एकच. दोन टेकूंमधले अंतर दुप्पट केले तर त्याच फळीची मधली लवण आठपट होते. म्हणून लांब आसांतराला जाड किंवा अधिक थरांची फळी लागते. वजनदार माणसाने आखूड फळीच्या जाडीची लांब फळी घेतली, तर ती झोळीसारखी होते आणि चाके फळीला घासू लागतात.

दुसरी गोष्ट बैलगाडीतल्या पोत्यांची. ६० किलोचा मुलगा मधोमध उभा असेल तर प्रत्येक ट्रकवर ३० किलो येतात. तो तीन इंच पुढे सरकला, तर १४ इंचांच्या फळीवर पुढच्या ट्रकवर ४३ किलो होतात, २८ इंचांच्या फळीवर ३६. आखूड फळीला पायाची प्रत्येक हालचाल कळते. नवशिक्याला ते नको असते, जाणत्याला तेच हवे असते.

उतारावर वेग आला की फळी डावी-उजवी थरथरू लागते आणि थरथर वाढत जाऊन माणूस पडतो. खोड बहुतेक वेळा मागच्या ट्रकची असते. मागून वळणारे कोणतेही वाहन वेगात अस्थिर, हे मागच्या चाकाने वळणारी मालउचल गाडी पाहिलेल्यांना माहीत आहे. म्हणून उतारावर वजन पुढच्या पायावर ठेवावे. पूर्वी उतारासाठी लांब आसांतर हाच उपाय सांगत. अलीकडे उताराच्या शर्यतीतले पुष्कळ खेळाडू आखूडच ठेवतात आणि मागच्या ट्रकचा कणा पाडून घेतात. २० इंचांचे आसांतर, पुढे ४५ अंश, मागे २० अंश, असे बसवले तर तेवढ्याच कलण्याला वळण पावणेपाच फुटांचे येते, म्हणजे २८ इंचांच्या फळीच्या जवळपास. पाय मात्र दोन्ही ट्रकच्या जवळ राहतात आणि मागचा ट्रक जवळजवळ गप्प बसतो. पण हे काम शिकलेल्यांचे. पहिल्याच वर्षी मुलाला अशी फळी देऊ नये.

शेवटी ट्रकमधल्या युरेथेनच्या दोन कड्यांविषयी, ज्यांवर फळी कलते आणि परत सरळ होते. त्या माणसाच्या वजनाप्रमाणे मऊ-कठीण मिळतात. हलक्या मुलाच्या फळीत कठीण कड्या असल्या तर ती कलतच नाही, आणि मूल वळण्यासाठी अंग वाकवता वाकवता पडते. तेव्हा वडील मंडळी मधला नट ढिला करतात. तो फार ढिला झाला की फळी खिळखिळी होते आणि वेगात थरथरते. नट ढिला करण्याऐवजी कड्या मऊ घालाव्यात. खर्च थोडका आहे. नवी फळी बसवल्यावर मुलाला तिच्यावर उभे करावे, त्याला घोट्यांनी डावी-उजवीकडे कलायला सांगावे, आणि फळी आपोआप मधे येते की नाही हे खाली बसून पाहावे. आठ दिवस चालवल्यानंतर आठही बोल्ट पुन्हा आवळावेत, कारण नवे लाकूड दबते आणि ते ढिले पडतात.